सत्तावीस अंश

गणित पुस्तकातलं:
सत्तावीस अंशांवर, एक वातावरण दाबाखाली
डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड वीस टक्के फुटतं.
समतोल स्थिरांक काढा.

लाखांदूर. मे महिन्यातला जादा वर्ग.
कूलरमधलं पाणी अकरालाच आटलं,
आता तो नुसतीच झळ फेकतो.
मोनाली नाकाडे हात वर करते,
'सर, हे सत्तावीस कुठलं होय जी?
आपल्या इकडं तर रात्रीसुद्धा एवढं उतरत नाही.'

म्हटलं, आधी सोडव.

एक मोल घेतला. त्यातला अल्फा फुटला.
उरला एक वजा अल्फा.
फुटलेल्याचे दोन-दोन झाले, म्हणजे दोन अल्फा.
एकूण एक अधिक अल्फा:
कुठूनही काही न आणता
भांड्यातली माणसं वाढली
(माणसं नव्हे, रेणू; जीभ घसरते).
तिने अल्फाचा वर्ग केला,
दोनाला कंसाबाहेरच उभं ठेवलं.
दरवर्षी कुणीतरी ठेवतंच.
मी काही बोललो नाही.
उत्तर नेमकं निम्मं आलं,
आणि मागच्या पानावरचं बघून
तिची तीच पुन्हा वर चढत गेली,
ओळ न् ओळ,
दोनापाशी येऊन थांबली.
एक षष्ठांश.

'आता पंचेचाळीसचं काढू?'
स्थिरांक मी दिला, शून्य पूर्णांक त्रेसष्ट.
उलटं गणित. वर्गमूळ.
मुळं दोन येतात, एक अधिक, एक उणं.
उण्यावर तिने काट मारली,
पण हलकी, खालचं वाचता येईल अशी.
वायू काही शून्याहून कमी फुटत नाही,
एवढं तिला कळतं.
सदतीस टक्के.

तेवढ्यात दुधराम
कपाटातली बंद काचनळी घेऊन आला, धोतराच्या फडक्यात.
माठात बुडवली तर फिकट, धुतल्या तांदळाच्या पाण्याला
हळदीचं बोट लागावं तशी.
खिडकीच्या दगडावर ठेवली
आणि आमच्या डोळ्यांदेखत
मोहाच्या कोवळ्या पालवीचा रंग चढला तिला.
मग थांबला.

'झालं?' मागच्या बाकावरून कुणीतरी.
झालं नाही रे.
जेवढे फुटतायत तेवढेच जुळतायत,
या क्षणाला, आत,
म्हणून तुला काही दिसत नाही.
मला ह्याची कशाशीतरी तुलना करायची होती,
चौदा वर्षं शिकवतोय, तुलना तोंडावर असतात.
नाही केली.
नळी बघत राहिलो सगळे.

मोनालीने उत्तराखाली रेघ ओढली,
आणि तापमानाच्या जागी लिहिलं:
लाखांदूर, दुपार.
अर्धा गुण कापायला हवा होता.

वर्ग सुटल्यावर नळी परत माठात.
रंग ओसरला.
दुधराम ओगराळं हातात घेऊन उभा,
'हे पाणी आता पिता येते का जी?'
म्हटलं, काच बंद आहे, खुशाल पी.
त्याने मान डोलावली
आणि बाहेरच्या हापशीवर गेला.