वाटीचं छिद्र

घटका भरते म्हणजे काय,
ते आमच्या गावात डोळ्यांनी दिसायचं.
तांब्याची एक वाटी, तळाला सुईएवढं छिद्र,
पाण्याने भरलेल्या घंगाळात ती तरंगत ठेवायची.
छिद्रातून पाणी आत चढायचं, काठाला लागायचं,
आणि वाटी टक्कन तळाशी बसायची.
एक वाटी झाली.
मी एक खडा उजवीकडून डावीकडे ठेवायची.
बाबा वाटी काढून पुन्हा पाण्यावर सोडायचे.
दिवसा, आणि रात्री.

बाबा मीराब होते.
पाण्याचा हिशेबनीस, मालक नव्हे,
हे ते लग्नातसुद्धा सांगत.
यज्दच्या दक्षिणेला, डोंगराच्या पोटातून
कारेझच्या अंधारात सात कोस चालून
पाणी आमच्या पाटात यायचं,
तेव्हा त्याला उजेडाची सवय नसायची,
थोडा वेळ ते दबकत वाहायचं.

चौदा दिवसांचा फेरा.
शनिवारी पहाटे पहिली पाळी इस्फंदियारच्या पिस्त्यांची, काही झालं तरी.
शेवटची, शुक्रवारची रात्र सरताना,
माहतलतच्या डाळिंबांची. पाच वाट्या.

तिसरं कोरडं वर्ष होतं ते.
पाटात पूर्वी माझा गुडघा बुडायचा, आता घोटाही बुडत नव्हता.
लोक भांडी वाळूने घासत होते,
हात धुतलेलं पाणी पुदिन्याला जात होतं,
आणि हमामाच्या दाराला कुलूप होतं.

एका शुक्रवारी माहतलतला चार वाट्या मिळाल्या.
पुढच्या फेऱ्यात तीन.
त्यापुढच्या फेऱ्यात दुसरी वाटी बुडाली आणि उजाडलं.
ती ओरडली नाही. फावड्यावर हनुवटी टेकून म्हणाली,
"मीराब, हल्ली पहाट लवकर होते का?"

"उन्हाळा आहे," बाबा म्हणाले.
पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.
रात्री त्यांनी वाटी कंदिलासमोर धरली.
छिद्राभोवती पांढरी कड होती. क्षार.
पाणी आटलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं,
खारावलं ते जिभेला कळलं होतं,
पण वाटी हळू भरू लागली
हे माझ्या खड्यांनाही कळलं नव्हतं.
बाबांनी श्वास मोजले.
एका वाटीमागे तीस श्वास जास्त.

सकाळी पाटाच्या फाट्यावर सगळ्यांना बोलावलं.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं कुजबुजणारे दोघेतिघे
आधीच पुढे येऊन बसले होते.
बाबांनी वाटी ठेवली, शेजारी सुई ठेवली.
म्हणाले,
"चोरी कोणी केली नाही.
पण माल सगळ्यांच्या घरी आहे."

बराच वेळ फक्त पाट बोलत होता.
मग खोदारहम म्हणाला, माझी दीड वाटी लिहा.
मग कोणी अर्धी, कोणी पाव,
शिरिनबानूने बोटांवर तीनदा मोजून एक.
इस्फंदियार म्हणाला, माझं पाणी वाळू पिऊन गेली,
वाळूकडून मागा.
तो उठून गेला.
त्याच्या झाडांचे पिस्ते त्या वर्षी पोकळ निघाले.
दिलेल्यांचेही पोकळच निघाले.

पुढच्या शुक्रवारी माहतलतला नऊ वाट्या मिळाल्या.
दिलेल्यांनी आपल्या पाळीवर खरोखरच पाणी सोडलं होतं.
ती अनवाणी एकेका आळ्यात उभी राहिली,
जमीन पीत होती तो आवाज ऐकत.
नवव्या वाटीला, अर्ध्यातच,
तिने फावड्याने बांध फोडला
आणि पाणी वळणावरच्या तुतीकडे काढलं.
ती तुती कोणाचीच नव्हती.
वहीत तिचं नाव नव्हतं,
दोन वर्षं तिला पानंही धड आली नव्हती.

"हे कशाला?" मी विचारलं.
"मी रांगेत शेवटची," ती म्हणाली,
"पण मागे वळून बघायला नको,
माझ्यामागे कोण उभं आहे ते?"

वाटी टक्कन बुडाली.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं.
तो खडा मी उजवीकडेच राहू दिला.