मुठीचं मीठ

वाल्पाराइसोच्या या टेकडीवर
एकशे बारा पायऱ्या चढाव्या लागतात माझ्या दुकानापर्यंत,
म्हणून इथं आलेला माणूस आधी दम खातो,
मग बाकीचं.

काउंटरमागून मी चेहरे नाही, हात बघते.
पाकीट उलटं करणारे हात थोडे.
बाकीच्यांना दिसतो समोरचा काळा ठप्पा,
आठ कोनांचा, चौकातल्या ‘थांबा’च्या पाटीसारखा,
आणि ते थांबत नाहीत.
युबित्सा बिस्किटांचा पुडा असा धरते
की ‘साखर जास्त’ नेमकं अंगठ्याखाली जातं.
ओली बाळंतीण. मी काही बोलत नाही.
शाळेतली पोरं ठप्पे मोजून पैज लावतात.
ज्याच्या वेफर्सवर जास्त, तो जिंकला.

नोल्बेर्तो मात्र वाचतो.
चाळीस वर्षं बंदरात क्रेन चालवली,
वरून कंटेनरचे आकडे वाचायचा, चष्म्याशिवाय.
मार्चमध्ये इस्पितळातून परतला
तो खिशात भिंग घेऊन.
सूपचं पाकीट डोळ्याशी धरतो, मागं रांग खोळंबते.
“एका वाढपात सहाशे मिलिग्रॅम, डोन्या एदेल्मिरा.
आणि पाकिटात वाढपं चार.
मी एकटा माणूस.
चौघांचं मीठ मीच प्यायचं होय?”

ठप्पा नसलेली खारी बिस्किटं मी पुढं केली.
त्यानं पुडा उलटला,
घटकांची यादी एकेक पायरी उतरत गेला,
तळाशी पोचून म्हणाला,
“काळं नाही, म्हणून पांढरंच असं थोडंच आहे?”
आणि पुडा जागेवर ठेवला, नीट, तोंड पुढं करून.
दुसरा कुणी असता तर फेकला असता.

मग त्याचं बोट माझ्या टोपलीकडं वळलं.
पाव. पहाटे साडेचारला मळलेला,
फडक्याखाली अजून ऊन,
ना वेष्टन, ना ठप्पा.
“यात किती?”
“मूठभर.”
“कुणाची मूठ?”

रांगेत कुणीतरी हसलं. मीही हसले.
रात्री शटर ओढल्यावर
वजनकाट्यावर मूठ उघडली.
चौऱ्याण्णव ग्रॅम, साडेतीन किलो पिठाला.
ही मूठ आईची.
लोताच्या कोळसाखाणीतून
घामानं निथळत वर येणाऱ्या माणसांसाठी
तिनं ती ठरवली होती.
खाण बंद पडली, घाम वाळला,
मूठ तेवढीच राहिली.
तीस वर्षं तो माझ्या मिठाला जागला,
एवढ्या पायऱ्या चढून, खाली स्वस्त पाव असताना.
मीठ काही त्याला जागलं नाही.

आता मी चमच्यानं घालते.
दर सोमवारी थोडं कमी,
कुणाला कळू नये इतकं.
तरी एरास्मोला कळलंच.
“पाव पाणचट लागतोय हल्ली.”
“पीठ बदललंय,” मी म्हटलं, डोळा न लववता.

शेजारी नोल्बेर्तो चिल्लर निवडत होता, भिंगाखाली.
“किती?” वर न बघता त्यानं विचारलं.
मी वाकून, हळूच, ग्रॅम सांगितले.

त्याला किंमत हवी होती.