बाकी मजुरी

मी सोढल, पाथरवट. परळ बेटावरचा.
मेलो त्याला आठशे वर्षं होऊन गेली,
पण हिशेब मिटलेला नाही, म्हणून बोलतो.

अणकदेव राजा ठाण्याहून येताना पडावातच गेला.
ओठांवर कुणाचं तरी नाव होतं म्हणतात,
खाडीच्या वाऱ्यानं ते अर्धंच किनाऱ्याला लागलं.
‘भा’ ऐकलं, अशी नावाड्यानं शपथ घेतली.
भायिपदेव, म्हणाले थोरल्याचे लोक.
भाऊ म्हणायचं होतं, म्हणाले धाकट्याचे.
नावाडी पुढे कुणाला दिसला नाही.

थोरला आधी बसला.
बसल्या बसल्या दान दिलं: शिवडीची तीन मिठागरं,
नारळीची एक वाडी, देवळाच्या दिव्याला तेल पुरावं म्हणून.
मला शिळा सांगितली. काळी, कंबरेएवढी.
वर चंद्र नि सूर्य, ते असेतो दान असावं.
मध्ये राजाचं नाव, मिठागरांच्या चतुःसीमा.
खाली गाढव. गाढवाखाली बाई:
जो हे मोडील, त्याची आई.

शिवी कोरायची मला कधी लाज वाटली नाही.
ओळीमागे चार द्रम्म, गाढवाचे सहा,
कारण गाढवाचे कान पातळ, चटकन उडतात.

नाव पुरं झालं त्या रात्री माहीमकडे आग दिसली.
पंधरवड्यात धाकटा केळिदेव बसला.
त्याचा कारभारी आला, नाकाला उपरणं लावून.
“दान तेच, देव तोच, गाढवही राहू दे.
नाव तेवढं तासून काढ. दगड महाग आहे.”

तासलं. पाषाण बोटभर खोल गेला.
त्या खड्ड्यात नवं नाव बसवलं.
मग थोरला कल्याणहून घोडेस्वार घेऊन परतला.
पुन्हा तासलं.
पुन्हा धाकटा.
माझ्या पोराला वाटायचं, राजा म्हणजे एक जातीची धूळ,
बापाच्या भुवयांवर बसते ती.

एका रात्री, ओहोटी लागल्यावर, मशाल न घेता
राणी लच्छलदेवी आली. सोबत एक म्हातारी दासी,
गुडघ्यापर्यंत चिखल दोघींच्या.
“वाच,” म्हणाली.
मी चंद्रसूर्य सांगितले, सीमा वाचल्या,
नावापाशी अडखळलो.
“पुढचं.”
“पुढे शिवी आहे, आईसाहेब.”
“माझीच ना? वाच.”

वाचली.
आणि छिन्नी धरून चाळीस वर्षं झाल्यावर
पहिल्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला:
थोरल्याचं दान धाकट्यानं मोडलं, तरी हीच.
धाकट्याचं थोरल्यानं, तरी हीच.
दोघे एका कुशीतले.
गादीवर कुणीही बसो, गाढवाखाली हीच.

ती चवड्यांवर बसली, अंधारात चाचपत राहिली.
बाईचं तोंड मी अजून काढलं नव्हतं. तोंड शेवटी काढतात.
“इथे माझं काढ,” म्हणाली.
मग थोड्या वेळानं, दासीकडे बघत,
“पण त्यांना ओळखू येईल का?
लहान होते तेव्हा लांबून ओळखायचे.”

काढलं मी. मन लावून काढलं,
हनुवटीवरच्या तिळासकट.

शिळा उभी केली त्या दिवशी दोघांतला एक आला.
कोण ते नाही सांगत, काय फरक पडतो.
त्यानं फक्त नाव पाहिलं.
वेलांटी नीट वळली नाही म्हणाला,
नि मजुरी अडवून घोड्यावर बसला.

आता बंद गिरणीच्या मागच्या गल्लीत,
पाण्याच्या टाकीला टेकून उभी आहे ती शिळा.
नाव एकाचंही उरलं नाही. त्या खड्ड्यात
वडापाववाला आपली काडेपेटी ठेवतो, भिजू नये म्हणून.
गाढवाचे कान गेले. जाणारच होते.
बाईला मात्र कुणीतरी शेंदूर लावलाय,
मंगळवारी नारळ फुटतो,
रात्रपाळीच्या बाया जाता जाता तिच्या हनुवटीला
बोटं लावून ओठांना लावतात.
आई म्हणतात.

माझे सव्वीस द्रम्म निघतात. दोन्ही घराण्यांकडून.
घराणं एकच होतं, हे खरं.
मग तेरा-तेरा लिहा.