रिकाम्या ट्रकचं वजन

सावद्याच्या वजनकाट्यावर सुपडूकाका
ट्रक दोनदा तोलतात : रिकामा, मग भरलेला.
मधला फरक म्हणजे केळी.
एकदा फरक तीन क्विंटल जास्त आला
आणि घड मोजले तर तेवढेच.
"काटा खोटं बोलत नही, भो,"
म्हणाले, आणि टॉर्च घेऊन ट्रकखाली शिरले.

मी त्यांना आकाशगंगेचं सांगितलं.
कडेचे तारे इतक्या वेगाने फिरतात
की दिसतं त्याच्या कितीतरी पट वजन हवं.
"मंग वाकून पाह्य की खाली."

वाकूनच बसलेय, काका, चार वर्षं.
पण उजेड त्यातून आरपार जातो, सावलीसुद्धा पडत नाही.
म्हणून ते नाही, त्याची राख शोधते :
तिकडे दोन काळे कण एकमेकांवर आपटून संपले असतील
तर इथवर एखादा पॉझिट्रॉन यावा,
यंत्राच्या चुंबकात
इलेक्ट्रॉनांच्या उलट्या बाजूला वळणारा.

सुट्टीतही लॅपटॉपवर तोच आलेख.
एका जागी रेघ वर उचललेली,
झोपलेल्याने पांघरुणात गुडघा उभा करावा तशी.
गुडघा कुणाचा, माहीत नाही.
मेलेल्या, गरगरणाऱ्या ताऱ्यांचाही असेल.
आमच्या सरांचं मत तेच.
माझंही, सोमवार ते शुक्रवार.

गंमत म्हणून त्यांना सांगितलं,
केळ्यातल्या पोटॅशियममधूनही पॉझिट्रॉन सुटतो,
एका केळ्यातून दिवसाला पंधरा-वीस.
समोर रावेरचा ट्रक उभा, ताडपत्री घट्ट बांधलेली.
म्हणजे त्यातून दर सेकंदाला दहा-पंधरा,
आणि गरातच विरतात, सालीपर्यंतही पोचत नाहीत.
काकांनी ट्रककडे पाहिलं,
ओळखीच्या माणसाचं काहीतरी नवीनच कळल्यासारखं.

मग पावती फाडता फाडता :
"हे सगळं तू वजा करते?"
हो. जे जे आधीच ठाऊक, ते सगळं वजा.
"पन रिकामं आभाळ
कोनी तोललं होतं?"

लाइट गेली. काट्यावरचे लाल आकडे विझले.
मी उत्तर जुळवत राहिले,
प्रबंधात त्यावर एक अख्खं प्रकरण आहे, लांबलचक,
शेवटी 'अंदाजे' लिहिलेलं.

काका, त्या दिवशी ट्रकखाली काय सापडलं?
"डिझेल. रिकामा तोलला तवा टाकी कोरडी होती.
मधी भरून आला गडी."
अंधारात ते हसले असावेत, खुर्ची करकरली.
"पन वाकलो नसतो,
त मी केळीच धरली असती ना तीन क्विंटल."

जनरेटर सुरू झाला.
पुढचा ट्रक काट्यावर चढला. रिकामा.
काका उठले, आणि या वेळी
आधी टाकीचं झाकण उघडून पाहिलं.