सतरा डबे

डबे सतरा आहेत.
रंगाचे, तेलाचे, एक नातवाच्या दुधपावडरीचा,
तो नातू आता पुण्यात नोकरीला आहे.
तळाला खिळ्यानं पाडलेली भोकं,
आत अर्धी काळी माती, अर्धा मुरूम.
नुसत्या काळीत मुळं कुजतात
हे शिकायला मला दोन गुलाब घालवावे लागले.

छत्तीस वर्षं साच्यावर होतो.
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
त्या खटखटीत कान गेले ते गेलेच.
म्हणून असेल,
पण मला झाडांची सोबत जड जात नाही.
गुलबक्षी संध्याकाळी पाचच्या सुमाराला उघडते
पाळी सुटल्यासारखी,
फक्त भोंगा होत नाही.

पाणी चार दिवसांआड.
त्या दिवशी सगळं घरकुल पहाटे तीनला उठतं:
हंडे, पिंपं, पाइप, भांडण.
माझ्या डब्यांना मिळतं तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं,
आणि पाहुणा आला तर
त्यानं अर्धा ठेवलेला पेला.
सदाफुलीला तेवढंही नको असतं.
ती न विचारता गटाराच्या कडेला राहायला गेली
आणि इथल्यापेक्षा तिथं जास्त फुलली.
मी मनाला लावून घेतलं नाही.
थोडं घेतलं.

श्रावणात मागच्या मोकळ्या प्लॉटवर जातो.
पत्र्यावर लिहिलंय, ‘ही जागा विकणे नाही.’
तिथं केन्याचं निळं फूल, उन्हं चढली की मिटणारं,
दगडीपाल्याची बटणं, कुणाच्या तरी सदऱ्याची तुटून पडल्यासारखी,
सराट्याचं पिवळं, इतकं गरीब चेहऱ्याचं
की यानंच काल माझी चप्पल भोसकली
हे पटत नाही.
आणि कुंपणाला टेकून तरवड,
पिवळाधमक, कुणाचाच नसलेला.

शेजारच्या अंबूबाई येमूल त्याला तंगेडू म्हणतात.
कुर्डूला गुनुगू.
मला ऐकू यावं म्हणून त्या एवढ्या ओरडून सांगतात
की आता सगळ्या गल्लीला पाठ झालंय.
मोगऱ्याच्या डब्यात एक आगंतुक रोप वर आलं,
तण म्हणून मी हात घातला,
तर त्या विड्यांचं सूप मांडीवरून सांडत उठल्या,
“वद्दू! वद्दू!”
एवढं मात्र मला ऐकू आलं.
मोगरा रुसला. त्या वर्षी त्यानं चारच कळ्या दिल्या.
मी रोज त्याच्याकडं न बघता पाणी घातलं.

भादव्यात जेसीबी आला.
विकणे नाही ते विकलं होतं.
एका दुपारीत केना, सराटा, तरवड, पत्रा,
सगळं एका ढिगात.
अंबूबाई ताट घेऊन प्लॉटच्या कडेला उभ्या राहिल्या,
उद्या बतकम्मा रचायची होती.
काही बोलल्या असतील. पाठमोऱ्या होत्या.

मी सायकल काढली. कुंभारीच्या पुढं,
खडीच्या खाणीपलीकडं तरवड सापडला,
दोन पिशव्या भरून.
कुर्डू मात्र कुठं नाही.
परत येऊन बघतो तर मोगऱ्याच्या डब्यात अकरा तुरे,
बुडाला पांढरे, शेंड्याला गुलाबी.
मीच कापून दिले.
हात जरा थांबला, ते त्यांनी बघितलं,
आणि बाराव्याला, एका वाकड्या बारक्याला,
कात्री लावू दिली नाही.

रात्री बायका फुलांभोवती फिरल्या.
मला टाळ्यांचा आवाज नव्हता,
नुसते हात दिसत होते, जवळ येणारे, लांब जाणारे.
साचा बंद असताना धोटा कुणी हातानं फिरवावा, तसे.

बाराव्याचं बी दिवाळीनंतर चोळून काढलं.
काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक.
शिंकलो, त्यात निम्मं उडालं.

आता चैत्र. पत्रा तापलाय.
डब्यांवर मी जुनी चादर ताणली आहे,
माझ्याच साच्यावरची,
ताणा चुकला म्हणून मालकानं परत दिलेली.
तिच्यातल्या मोराला एकच डोळा आहे.
दुसऱ्या डोळ्याच्या जागी भोक,
आणि त्यातून ऊन
रुपयाएवढं
एकेका डब्यावर बसत, उठत
संध्याकाळपर्यंत भिंतीला पोचतं.