राज्य

महापे एमआयडीसी, तिसरा मजला, रात्रीचे पावणेबारा.
माझं काम एवढंच: कोणी कोणाशी खेळायचं ते ठरवणं.
बारा लाख भिडू, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर
त्याला न दिसणारा एक आकडा.
आकडे जुळले की दार उघडतं.

घणसोलीला एक पोरगा आहे, नाव घेतलंय यमदूत४००७०१.
दिवसाचे चौदा तास. बारावी दुसऱ्यांदा.
त्याच्या आकड्याच्या आसपास कुणी राहत नाही,
म्हणून तो थांबतो. अकरा मिनिटं, कधी सतरा,
गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत
पार्ले-जीचा पुडा संपवतो म्हणे.
खालच्यांत सोडला, तर चाळीस जणांना कापून काढतो
आणि त्यातले तेरा पुन्हा फिरकत नाहीत.
तेरा. मोजलेत मी.
सोमवारी मीटिंगला तेवढंच विचारतात.

आणि तुर्भे डेपोत राजश्री घरत, कंडक्टर,
दोन फेऱ्यांच्या मधली पंचवीस मिनिटं.
तिचा नेम आभाळाला.
दारातून आत जायचं तर आधी भिंतीला धडकते.
तिच्यासाठी मी पुतळे केले होते:
पाठमोरे उभे राहणारे, उशिरा वळणारे,
गोळी लागायच्या आत पडायला तयार.
स्लाइडवर त्यांना छान नाव होतं. तिलाही होतं, सेगमेंट सी.

तिची तक्रार आली, मराठीत, एका दमात:
काल मी नऊ जण मारले नऊच्या नऊ तोंड फिरवून उभे
माणसं अशी मरतात का
खोटी नोट मला अंधारातसुद्धा हाताला कळते
खरे द्या हरेन

मी लॅपटॉप मिटला. परत उघडला.

वाशी, सेक्टर नऊ, सिडकोच्या बिल्डिंगी नव्या होत्या तेव्हा.
डबा ऐसपैस. मी सहा वर्षांचा, लिंबूटिंबू.
म्हणजे पळायचं, लपायचं, ओरडायचं सगळ्यांसारखं,
पण आउट धरायचा नाही,
आणि राज्य कधीच येणार नाही.
हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.
टाकीमागे लपलो होतो, शेवाळाला गाल लावून.
उन्मेष आला. दोन हातांवरून थेट माझ्याकडे बघितलं.
भिंतीकडे बघतात तसं.
आणि गेला.
मला वाटलं, काय भारी लपलोय मी!
दिवे लागले, आयांनी हाका मारल्या,
डालड्याचा डबा कुणीतरी घरी नेला,
तरी मी लपलेलोच.

उन्मेष वाईट नव्हता. हे इथे लिहून ठेवतो.
त्याने सांभाळूनच घेतलं होतं मला.
पुतळे मीही तसेच केले.

तर रात्री दीडच्या सुमाराला, कुणाला न विचारता,
एकाच दारातली फट मी मोठी केली.

दुपारी दोन दहाला दोघं एका मैदानात.
एकोणीस सेकंदांत तिला उडवलं त्याने.
तिने लिहिलं: हां.
पुन्हा आली. बावीस सेकंद.
पुन्हा. चौदा.
पाचव्या वेळी जिन्याखाली दबा धरून बसली,
त्याला सापडायला तब्बल तीन मिनिटं लागली.
त्याने विचारलं, कोण आहेस बे?
तिने उत्तर दिलं नाही. दोन पस्तीसची गाडी लागली होती बहुतेक,
कारण ती मैदानाच्या मधोमध
तशीच उभी राहिली, बंदूक खाली, न हलता.

मी नोंद परत परत बघितली.
तो जवळ गेला. तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.
थांबला.
मला वाटलं, आता हा निघून जाईल.

घातली गोळी.

मी खुर्चीत मागे टेकलो आणि कितीतरी वर्षांनी
गालावरचं ते शेवाळ पुसलं.

सोमवारी काय सांगायचं, अजून ठरलेलं नाही.
आज मंगळवार. दोन वाजून आठ मिनिटं.
घणसोलीची चकती फिरतेय,
तुर्भ्याची गाडी अजून डेपोत यायचीय.