साच्यातली सायकल

पत्र्याचा साचा होता, तीन फुटी.
त्यात सायकल होती, माणूस नव्हता.
रात्री दीडनंतर काम चालायचं.
सखाहरी बॅटरी धरायचा,
मी उकळता पांढरा रंग ओतायचो,
वर काचेची भुकटी, चिमटीनं, मिठासारखी.
काचेच्या इमारतींपासून खाडीच्या पुलापर्यंत
एकशे अठरा सायकली काढल्या मी.
मोजल्या, कारण मुकादम नगावर पैसे द्यायचा.

पहाटे घरी निघायचो
माझ्या सायकलवरून, रस्त्यानं.
चुनाभट्टीला जाणारा नव्हताच तो मार्ग.
तसा तो कुठंच जाणारा नव्हता;
पुलाशी यायचा आणि
पुढचं वाक्य विसरलेल्या माणसासारखा
उभा राहायचा.

साहेब म्हणाले, आता कसं सुरक्षित झालं.
मी मान हलवली. साहेबांपुढे ती आपोआप हलते.
पण सायन ते कुर्ला मला बावीस वर्षं पाठ आहे:
कुठल्या गटाराच्या जाळीच्या सळ्या
चाकाच्या रेषेत बसवल्यात,
कुठल्या बसचा आरसा कानाशी येतो,
रिक्षाचं पुढचं चाक वळण्याआधी
कसं किंचित कचरतं.
उभ्या गाडीत डोकं दिसलं
की एक दार सोडून चालवायची.
रस्त्यावर लोक शिव्या देतात.
शिवी आली की मला बरं वाटतं:
दिसलो म्हणायचं.

मार्गावर शिव्या नाहीत.
कुंड्या, खांब, खांबांपलीकडे गाड्या,
तुम्ही कुणाच्याच खिजगणतीत नाही.
मग चौक येतो
आणि चौकात मार्ग तुमचा हात सोडतो.

सखाहरीला तिथंच उडवलं टेम्पोनं.
मी काढलेल्या शेवटच्या सायकलपासून
अकरा पावलं. तीही मोजली.
वाचला. उजवा पाय आता
पाठ टेकल्यावरच सरळ होतो.
टेम्पोवाला सायन हॉस्पिटलात येऊन रडला,
दादा, दिसलाच नाही ओ.
खरं बोलत होता,
त्यामुळे रागही नीट आला नाही.

तरी एक सांगायला हवं.
माझी दीक्षा त्याच मार्गावर सायकल शिकली.
रविवारी सकाळी, शेजाऱ्यांची उसनी सायकल.
रस्त्यावर नेलं नसतं मी तिला,
कुणी वर पैसे दिले असते तरी.
एकेका पांढऱ्या चित्रावरून जाताना विचारायची,
पप्पा, ही पण तुम्हीच?
हो, ही पण.
पुलाशी आलो. म्हटलं, उतर.
म्हणाली, एवढ्यात का?

सात महिन्यांनी हुकूम आला:
मार्ग पुसायचा, गाड्यांना एक रांग वाढवायची.
कंत्राट त्याच मुकादमाला, म्हणून हात माझाच.
काळ्याला साचा लागत नाही, रोलर पुरतो.
पैसे नगावर नाहीत, फुटावर.
बॅटरी धरायला नवा पोरगा.
वाकडीतिकडी धरायचा.

काळा रंग पातळ निघाला,
मुकादमानं डब्यातही हात मारला असणार.
चाकं त्याला रोज थोडा थोडा खातात
आणि खालून सायकली वर येतायत:
आधी हँडल, मग एखादं चाक.
रात्री हेडलाइट पडला की भुकटी चमकते,
एखाद्या गाडीवाल्याचा पाय ब्रेकवर जातो,
कशासाठी, त्यालाही कळत नाही.

परवा मुद्दाम तिथून गेलो, गाड्यांच्या मधून.
मागून लांबलचक हॉर्न, मग आईवरून शिवी.
मी हात वर केला, धन्यवादासारखा.

दीक्षाची नवी शाळा पुलापलीकडे आहे.
सायकलनं जाऊ का, विचारते.
मी अजून काही बोललेलो नाही.
साचा घरी आणून माळ्यावर टाकला होता.
काल बघतो, तिनं तो उतरवून
भिंतीवर पेननं सायकल काढलीय,
वर बसवलीय दोन वेण्यांची एक मुलगी.
पाय पॅडलला पोचत नाहीत,
पण घंटीशेजारी मोठ्या अक्षरात लिहिलंय:
ट्रिंग.